मला न विचारता छापलेलं माझं नाव

संस्था सोडून गेलेल्या माणसाचं नाव शोधनिबंधावर घालायचं की नाही, या प्रश्नावर माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं. ज्याने काम केलं त्याचं नाव आलंच पाहिजे. तो आज कुठे नोकरी करतो, राजीनामा देताना साहेबांशी त्याची काय बोलाचाली झाली, प्रतिस्पर्ध्याकडे गेला की घरी बसला, याचा त्या नावाशी काडीचाही संबंध नाही. हे मत मी बैठकांत मांडलं आहे, त्यावरून वाद घातले आहेत, एकदोघांचा रोषही पत्करला आहे. त्यातला एक शब्दही मी आज मागे घेत नाही. मात्र नाव छापलं की देणं फिटलं, असंही मी तेव्हा मानत होते. ते आता मानत नाही.

मी रब्बी ज्वारीच्या पैदाशीत काम करणारी. सुरुवातीची वर्षं एका सरकारी संशोधन केंद्रावर गेली, नंतर जालन्याला खासगी बियाणे कंपनीत आले. बाहेरच्या माणसाला पैदासकाराचं काम म्हणजे काय ते चटकन लक्षात येत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा हा काळ्या जमिनीचा पट्टा. परतीच्या पावसाची ओल जमिनीत मुरते आणि त्या ओलीवर ही ज्वारी येते. मालदांडी, म्हणजे एम ३५-१, ही मोहोळच्या केंद्रावर स्थानिक वाणातून निवडलेली. गेल्या शतकाच्या पूर्वार्धातला हा वाण अजून शेतकऱ्याच्या तोंडी आहे आणि आजही नव्या वाणाची तुलना त्याच्याशीच होते. मालदांडीपेक्षा सरस काही द्यायचं तर दाणा टपोरा आणि पांढराशुभ्र हवा, भाकरी गोड लागली पाहिजे, कडबा जनावराने आवडीने खाल्ला पाहिजे, शिवाय ते ताट खोडमाशीला आणि खडखड्याला बळी पडता कामा नये.

यासाठी संकर करायचा तो हातानेच. संध्याकाळी कणसावरचे मोजके फुलोरे ठेवून बाकीचे कातरायचे, राहिलेल्यांतले परागकोश सुईच्या टोकाने अलगद काढायचे, वर कागदी पिशवी चढवायची. पुढे स्त्रीकेसर बाहेर आले की सकाळच्या वेळी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झटकायचे, पुन्हा पिशवी, आणि देठाला लेबल. लेबलावर मादी, नर, तारीख, हे सगळं शिसपेन्सिलीने लिहायचं, कारण शाई दवाने पसरते. आमच्याकडे हे काम सर्वांत सफाईने करायचे ते रोजंदारीवरचे एक मामा. त्यांच्या हातचा संकर सहसा वाया जात नसे. त्यांना मात्र कुठल्याच निबंधाबद्दल कधी कुणी काही विचारलं नाही, आणि ते नोकरी सोडूनही गेले नव्हते.

एका संकरापासून वाण बाहेर पडेपर्यंत आठदहा वर्षं सहज जातात, कधी जास्तही. पिढीमागून पिढी निवड, मग केंद्रावरची चाचणी, मग चार ठिकाणची, शेवटी कृषी विद्यापीठांच्या जॉइंट ॲग्रेस्को बैठकीत मांडणी. एवढ्या काळात माणसं एका जागी राहत नाहीत. वरिष्ठ संशोधन सहायकाची बदली होते. प्रकल्पावरचा सीनियर रिसर्च फेलो करारावर असतो, प्रकल्प संपला की त्याला दुसरीकडे शोधावं लागतं. पैदासकार निवृत्त होतात. ज्याने संकर केला, त्याने निवड केलेली नसते आणि निवड करणाऱ्याने वाणाचं प्रसारण पाहिलेलं नसतं. त्यामुळे आमच्या शास्त्रात सोडून गेलेला माणूस हा अपवाद नाही. बहुतेक कामाच्या मागे तोच असतो.

मी केंद्र सोडलं तेव्हा प्रमुख पैदासकार म्हणाले होते, "तुझं नाव राहील, काळजी करू नकोस." सर शब्दाचे पक्के होते. माझ्याबरोबरच्या एकीला असा शब्द मिळाला नव्हता, आणि तिच्या कामावरचा निबंध तिच्या जागी आलेल्या मुलाच्या नावाने निघाला. तिने केलेल्या नोंदींवरून त्याने तक्ते नव्याने मांडले होते, एवढंच. तिचा संताप मी पाहिला होता. त्या संतापातूनच माझं मत घट्ट झालं. नाव हा हक्क आहे, तो वरिष्ठाच्या मोठ्या मनावर सोडता येणार नाही, हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगत राहिले.

मग सरांनी दिलेला शब्द पाळला गेला. जुन्या सहकाऱ्याने फोनवर निबंधाची प्रत पाठवली, खाली "ताई, अभिनंदन". लेखकांच्या यादीत माझं नाव होतं, स्पेलिंगसुद्धा बरोबर. मला मनापासून आनंद झाला. घरी दाखवलं, आईने शेजारी सांगितलं. निबंध मी वरवर चाळला आणि ठेवून दिला.

काही महिन्यांनी दुसऱ्या राज्यातल्या एका तरुण संशोधकाची ई-मेल आली. आमचीच ओळ, म्हणजे आम्ही निवडत आणलेली ज्वारी, त्याने आपल्याकडे लावली होती. खोडमाशीमुळे होणारी पोंगेमर निबंधातल्या आकड्यांपेक्षा त्याच्या शेतात कितीतरी जास्त दिसत होती. त्याचे प्रश्न नेमके होते. पोंगेमर पेरणीपासून अठ्ठाविसाव्या दिवशी मोजली असं लिहिलं आहे, ते दिवस खरंच पेरणीपासूनचे की उगवणीपासूनचे? आणि ही सरासरी किती हंगामांची आहे? मुख्य लेखक निवृत्त झाले होते, त्यांचा पत्ता बंद होता, म्हणून त्याने मला विचारलं. मी लेखिका होते ना त्या निबंधाची!

मी पहिल्यांदा तो निबंध नीट वाचायला बसले. आम्ही दिवस उगवणीपासून मोजायचो. निबंधात पेरणीपासून असं छापलं होतं. पाचसहा दिवसांचा हा फरक ज्याला पिकाचं वय आणि माशीचं चक्र ठाऊक आहे त्याला छोटा वाटणार नाही. आणि एका हंगामाचे आकडे सरासरीत कुठेच नव्हते. तो हंगाम मला चांगला आठवत होता. उगवण विरळ झाली होती, प्लॉटमध्ये जागोजागी तूट पडली होती, आणि जे काही उगवलं होतं त्याला खोडमाशीने झोडपलं होतं. अशी चाचणी संख्याशास्त्राच्या निकषावर बाद ठरू शकते. ती वगळण्यात लबाडी असेलच असं मी म्हणणार नाही. कदाचित मीसुद्धा ती वगळली असती. पण वगळली, हे निबंधात लिहायला हवं होतं. मी केंद्रावर फोन केला. नवे प्रभारी सौजन्याने बोलले, म्हणाले, "मॅडम, जुनी फील्ड बुकं अभिलेखात गेलीत, बघावं लागेल." मी त्या मुलाला मला जेवढं ठाऊक होतं तेवढं लिहिलं. बाकीच्या प्रश्नांवर, लेखिका असूनही, मला सांगता येत नाही असं लिहावं लागलं.

त्या दिवसापासून माझं मत सरकत गेलं. एका रात्रीत बदललं नाही. आधी वाटलं, दिवस मोजण्याची चूक छपाईतली असेल, मी उगाच मनाला लावून घेते आहे. मग मी स्वतःला विचारलं, हा मसुदा छापायच्या आधी माझ्याकडे आला असता तर? "पेरणीपासून" हा एक शब्द मी बदलला असता. वगळलेल्या हंगामाबद्दल एक ओळ घाला म्हणाले असते. घातली नसती तर माझं नाव काढा म्हणाले असते. या तिन्हींतलं काहीही करण्याची संधी मला मिळाली नव्हती. माझं नाव मला मिळालं होतं, आणि त्या नावाने मी काय म्हणते आहे हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलं होतं.

माझ्या मैत्रिणीला नाव मिळालं नाही, मला मिळालं. आम्हा दोघींना विचारलं मात्र कुणीच नाही. त्यामुळे आज मला असं वाटतं की सोडून गेलेल्याचा पहिला हक्क हा मसुदा वाचायला मिळण्याचा आहे. नाव त्यानंतर येतं, कधी येणारही नाही.

हे मी काही नवीन शोधलेलं नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक आंतरराष्ट्रीय गट १९७८ मध्ये व्हँकुव्हरला प्रथम भेटला. त्याने लेखकत्वासाठी घालून दिलेल्या अटी आज इतर शाखांतली कित्येक नियतकालिकंही मानतात. काम किंवा त्याची मांडणी यांत भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, छापायच्या अंतिम प्रतीला संमती, आणि २०१३ मध्ये जोडलेली चौथी अट, निबंधातल्या कुठल्याही भागाबद्दल प्रश्न आला तर उत्तर शोधून देण्याची जबाबदारी. पूर्वी मला या अटींचा रागच यायचा. वाटायचं, सोडून गेलेल्याला दूर ठेवायला ही छान सोय आहे. मसुदा पाठवायचाच नाही, आणि मग म्हणायचं, त्याने मसुदा तपासला नाही, म्हणून तो लेखक नाही. काही ठिकाणी अगदी असंच करतात. पण त्याच नियमावलीत पुढे स्पष्ट लिहिलं आहे की पहिली अट जो पुरी करतो त्याला मसुदा वाचण्याची, सुधारण्याची आणि संमती देण्याची संधी मिळालीच पाहिजे, आणि या अटींचा वापर करून कुणाला वगळू नये. म्हणजे विचारण्याचं कर्तव्य संस्थेत मागे राहिलेल्यांचं आहे. मी हे वाचलं होतं. माझ्यावर वेळ येईपर्यंत त्याचं वजन मला कळलं नव्हतं.

रोझलिंड फ्रँकलिनची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, तिच्यावर अन्याय झाला एवढ्यापुरती. मला त्यातला वेगळाच भाग आता दिसतो. मार्च १९५३ मध्ये तिने लंडनचं किंग्ज कॉलेज सोडलं आणि ती बर्कबेकला गेली. महिन्याभराने जुने प्रमुख जॉन रँडल यांनी तिला पत्र लिहून आठवण दिली, न्यूक्लिइक ॲसिडचं काम थांबवायचं ठरलं आहे, हातातलं लिहून संपवा. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये डीएनएवर तीन निबंध लागोपाठ छापले गेले आणि त्यातल्या तिसऱ्यावर तिचं आणि रेमंड गॉस्लिंगचं नाव आहे. म्हणजे नाव छापलं गेलं होतं! पण गॉस्लिंगने तिच्या देखरेखीखाली १९५२ मध्ये घेतलेलं क्ष-किरण छायाचित्र किंग्जमधल्याच विल्किन्सने डीएनएची रचना शोधणाऱ्या वॉटसनला दाखवलं तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिची मोजमापं असलेला अहवाल केंब्रिजमध्ये वॉटसन आणि क्रिक यांच्या हाती गेला तेव्हाही नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे, आणि ते मला फार मोठं वाटतं. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ ला भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला, त्यांची बदली नेत्रचिकित्सेच्या संस्थेत झाली, आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे ऑगस्ट १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम देशातलं पहिलं म्हणून नोंदलं गेलं. आनंद कुमारांच्या हाती नंतर मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणं आली. त्यांनी ती शास्त्रज्ञाच्या नजरेने तपासली आणि १९९७ मध्ये जाहीरपणे लिहिलं की पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचा आहे. गेलेल्या माणसाला विचारता येत नव्हतं, तर त्यांनी त्याच्या वहीला विचारलं, आणि उत्तर स्वतःच्या विरुद्ध आलं तरी ते छापलं.

कायदा इथे फारसा कामाला येत नाही. पेटंट कायदा, १९७० च्या कलम २८ प्रमाणे मालक कुणीही असला तरी शोधकाचं नाव पेटंटमध्ये नोंदवून घेता येतं. पण वनस्पती आणि बियाणं यांना आपल्याकडे पेटंट नाही. त्यांच्यासाठी २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे, आणि त्यात पैदासकाराच्या व्याख्येत व्यक्तीबरोबर संस्थाही बसते. संस्थेने स्वतःला पैदासकार म्हणून नोंदवलं की आत कुणाचे हात होते हे उघडण्याची गरज उरत नाही. स्वामित्व हक्क कायद्याचं कलम ५७ लेखकाला, हक्क दुसऱ्याच्या नावे केल्यावरही, लेखक म्हणवून घेण्याचा अधिकार देतं. पण तो लिहिलेल्या मजकुरापुरता. प्लॉटमध्ये उभं राहून केलेल्या निवडीला तो लागू होत नाही. उरते ती फक्त रीत, आणि रीत माणसांनीच पाडायची असते.

माझ्यावर ती पाडायची वेळ कंपनीत आली. आमच्या विभागातला एक गुणी सहकारी प्रतिस्पर्धी कंपनीत गेला होता, आणि एका विद्यापीठाबरोबरच्या संयुक्त निबंधात त्याचं दोन वर्षांचं काम होतं. पूर्वीची मी असते तर त्याचं नाव घालण्यासाठी भांडले असते आणि तिथेच थांबले असते. या वेळी मी मसुदा त्याला पाठवायची परवानगी मागितली. कायदा विभागाने नकार दिला. त्यांची भीती खोटी नव्हती. आमच्या ओळींचे संकेतांक आणि वंशावळ बाहेर जाणं कुठल्याच बियाणे कंपनीला परवडत नाही. शेवटी जे छापलं जाणारच आहे तेवढंच पाठवायचं, आणि छापेपर्यंत गुप्त ठेवण्याचं त्याने लिहून द्यायचं, यावर जमलं.

त्याचं उत्तर आलं, "मॅडम, विचारलंत हे फार बरं वाटलं. पण माझं नाव काढा." भाकरीच्या चवचाचणीत रंग, पोत, वास आणि चव यांना वेगवेगळे गुण दिले होते, आणि आम्ही ते एकत्र करून एकच आकडा काढला होता. चव कमी असलेली ओळ रंगाच्या गुणांवर वर चढते, हे त्याला मान्य नव्हतं. आमची चर्चा झाली, बाकीचे लेखक एकत्रित आकड्यावर ठाम राहिले. आभारात त्याने काय काम केलं ते स्पष्ट लिहिलं, त्याच्या संमतीने. लेखकांत त्याचं नाव नाही. जुन्या हिशेबाने हा अन्याय ठरतो. मला तो वाटत नाही, कारण हा निर्णय त्याचा आहे आणि त्याने तो वाचून घेतला आहे.

अडचणी आहेत, त्या मी लपवणार नाही. सोडून गेलेला सापडत नाही, उत्तर देत नाही, कधी कडवटपणाने सगळंच अडवून धरतो. प्रकल्पाचा अहवाल द्यायची तारीख तोंडावर असते. माझं म्हणणं एवढंच की शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न व्हावा, उत्तराला वाजवी मुदत द्यावी, आणि तरीही उत्तर नाही आलं तर संमतीशिवाय लेखक म्हणून नाव न छापता त्याचं काम आभारात तपशिलाने नोंदवावं. याने काहींचं नाव जाईल, हे मला दिसतं आणि सलतंही. शोधणं मात्र आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. संशोधकाची ओळख पटवणारा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून आहे, आणि संस्था बदलली तरी तो माणसाबरोबर जातो. कुणी काय केलं हे चौदा भूमिकांत विभागून लिहिण्याची क्रेडिट नावाची पद्धतही बरीच नियतकालिकं आता वापरतात. आमच्या मामांसारख्यांचं काम निदान आभारात नेमकेपणाने लिहायला त्या पद्धतीमुळे मला शब्द मिळाले.

नोकरी सोडताना आपल्याकडे नो ड्यूजचा कागद भरून घेतात. ग्रंथालयाची पुस्तकं परत केली का, भांडारातला वजनकाटा जमा केला का, क्वार्टरची किल्ली दिली का, लेखा विभागाची उचल बाकी आहे का. प्रत्येक खात्याची सही झाल्याशिवाय शेवटचा पगार निघत नाही. त्या कागदावर अर्धवट राहिलेल्या संशोधनाबद्दल एक ओळही नसते. संशोधन केंद्रांच्या, विद्यापीठांच्या आणि कंपन्यांच्या प्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे, तिथे एक रकाना वाढवा: या व्यक्तीच्या कोणत्या नोंदी संस्थेकडे राहत आहेत, त्यांवर निबंध झाला तर मसुदा कोणत्या पत्त्यावर पाठवायचा, आणि तो पाठवण्याची जबाबदारी कुणाची. खाली दोघांच्या सह्या घ्या. आणि तुम्ही स्वतः नोकरी सोडत असाल, तर किल्ली देण्याआधी हा कागद मागून घ्या. छापील नसेल तर साध्या कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या.